धडा

मी काटे तपासतो.
ट्रकचे, सोन्याचे, कांद्याबटाट्याचे.
पितळी वजनं बॅगेत मखमलीवर निजलेली,
वीस किलोची लोखंडी मात्र उघडीच, टेम्पोत.
वर्षातले दोनशे दिवस लॉजवर.
संध्याकाळी सातनंतर परक्या शहरात
माणसाला दोनच गोष्टी करता येतात.
दुसरी म्हणजे घरी फोन.

हॅम्बर्गला लोडसेलच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं तेव्हा
दारातच कोट काढून घेतला, बिल्ला दिला,
आणि युरो घेऊन हातात त्यांच्याच क्लबचे रंगीत कागद ठेवले.
खांबाभोवती एक बाई फिरत होती,
लेथवर जॉब फिरतो तशी, एकही चूक न करता.
बरोबरचा अनगळ म्हणाला, बाहेर उणे चार आहे रे.
मग आम्ही दोघंही बराच वेळ
तिच्या पायांकडेच बघत राहिलो. मोजे नव्हते.

पटायाला डीलर लोकांबरोबर.
तिथे मुलींच्या कमरेला नंबर होते.
अठ्ठेचाळीस नंबर जांभई देत होती.
मी सवयीने सीरियल नंबरसारखा
बिलाच्या मागे लिहून घेतला.
अजून आहे पाकिटात, विम्याच्या कार्डाखाली.

आणि हे तुर्भे.
खाली टायरचं दुकान, वर 'नक्षत्र'.
इथे कुणी काही काढत नाही.
नाचायला मनाई, म्हणून त्या उभ्या असतात
भरजरी घागऱ्यात, एसी सोळावर,
लग्नाच्या हॉलमध्ये वरपक्ष यायचा राहिल्यासारख्या.
गाते एकच. बाकीच्यांच्या हातात बंद माईक.
वेटर गिरीश पुजारी पाचशेची नोट नेतो
आणि दहा-दहाच्या आणतो,
तंबाखूच्या वासाच्या, रबर लावून.
सगळीकडे आधी पैसे बदलून देतात,
म्हणजे आपण काय देतोय
ते आपल्याला ओळखू येत नाही.

डावीकडून तिसरी. हिरवा घागरा.
वीस वर्षं वजनं उचलली की डोळा तयार होतो:
एकावन्न किलो. घागऱ्यासकट छप्पन्न.
नोटा देताना तिला तसं बोललो.
खळखळून हसली.
"घागराच सात किलोचा आहे, साहेब.
टेलरमेल्याने टिकल्या चोरल्या, नाहीतर नऊ भरला असता."
म्हणजे माझी चूक दोन किलोची.
एवढ्या चुकीला मी काटा नापास करतो.

लॉजवर येऊन बायकोला फोन.
जेवलात का? हो.
काय होतं?
मला पटकन एकाही भाजीचं नाव सुचेना.

सकाळी वाशीच्या मार्केटामागच्या गल्लीत
किरकोळवाल्यांचे काटे होते.
अकरावा काटा लसणीचा.
समोर चष्मा लावलेली एक बाई, सुती ड्रेस, ओले केस.
"आधी धडा कर," ती म्हणाली,
"तुझी घमेली मला शिजवायची नाहीत."
"ताई, हे साहेब आत्ताच काटा तपासून उठलेत."
तिने माझ्याकडे पाहिलं.
चष्म्यातून, डोक्यापासून बुटांपर्यंत.
राग नाही, ओळखही नाही,
रिकाम्या पारड्याकडे बघावं तसं.
मग पिशवीतून मिठाचा सीलबंद पुडा काढून
तिने काट्यावर ठेवला.
एक किलो, सहा ग्रॅम.
"सहा प्लास्टिकचे," म्हणाली. "बरोबर आहे. आता घाल अर्धा किलो."

मी वाकून वजनं मखमलीत लावत होतो.
दोनशे ग्रॅमचं शंभराच्या खळग्यात बसेना
तरी दाबत होतो.
पैसे दिले तिने दहा-दहाच्या नोटांनी,
आणि लसूणवाल्याने थुंकी लावून त्या दोनदा मोजल्या.
रबर तिने परत मागून घेतलं, मनगटात घातलं,
आणि कोथिंबिरीकडे वळली.

दुपारी तळोज्याला साठ टनी काटा होता.
रिकाम्या ट्रकचं वजन घेताना
ड्रायव्हर खाली उतरायचा विसरला.
मीही बोललो नाही.